प्रकल्प नोंदी: सीओटू रिॲक्टरमध्ये साचणारा गॅस

५ जानेवारी

मासे आणि पाणवनस्पतींची टाकी, ९० × ४५ × ४५ सेंमी. झाडांसाठी पाण्यात सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडला जातो; तो पाण्यात विरघळवणारे भांडे म्हणजे रिॲक्टर. माती-दगडांची जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी साधारण १५० लिटर. तापमान २५ अंश, केएच (पाण्याची कार्बोनेट कठीणता) ४. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा, पंप असलेला बंद डबा), खोक्यावर लिहिल्याप्रमाणे ताशी १००० लिटरचा. त्याच्या परतीच्या नळीवर (१६/२२ मिमी) रिॲक्टर आहे: १० इंची पारदर्शक फिल्टर हाउसिंग, आतले कार्ट्रिज काढलेले, मधोमध २५ मिमी व्यासाची नळी आणि तिचे तोंड तळापासून ३ सेंमी वर. पाणी वरून शिरते, नळीभोवतीच्या जागेतून खाली उतरते आणि मधल्या नळीतून चढून टाकीत जाते. सीओटू हाउसिंगच्या १० सेंमी अलीकडे टी-जोडातून सोडला आहे. गॅस सकाळी ९ ते संध्याकाळी ६, दिवे दुपारी १२ ते रात्री ८.

तक्रार अशी: दुपारी तीननंतर हाउसिंगच्या माथ्यावर गॅसची पोकळी दिसू लागते आणि सहापर्यंत ७ सेंमी होते. आत धो-धो पाणी पडल्याचा आवाज. दर दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे बारमधून (टाकीत पाणी सोडणारी भोकांची नळी) मोठ्या बुडबुड्यांची ढेकर.

पीएच मीटरची नोंद: दुपारी १२ वाजता ७.०२, तीन वाजता ६.८५, चारनंतर ६.७८ ते ६.९२ मध्ये हेलकावे. चोवीस तास उघड्या भांड्यात ठेवलेल्या त्याच पाण्याचा पीएच ८.००. सीओटूचा अंदाज नेहमीच्या सूत्राने: ३ × केएच × १० चा (७ − पीएच) वा घात. म्हणजे दुपारी बाराला जेमतेम ११ मिग्रॅ/लि, तीनला १७. हवेत ३०, म्हणजे पीएच ६.६०. ‘पीएच एक अंकाने उतरला की पुरे’ हा ठोकताळा इथे चालत नाही. एक अंक म्हणजे मूळच्या दहापट, आणि मुळात पाण्यात (पीएच ८.०० ला) १.२ असेल तर दहापट होऊन १२ च होतात.

गेल्या दोन आठवड्यांत नीडल व्हॉल्व्ह (गॅसचा दर ठरवणारा) तीनदा वाढवला गेला आहे. दर वेळी पोकळी वाढली, पीएच जवळजवळ जागचा हलला नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यापुढे कारण सापडेपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

सिलिंडर आज वजन करून ठेवला.

७ जानेवारी

गॅस किती जातो ते बुडबुडे मोजून ठरवण्यात अर्थ नाही. या वेगाला डोळा चुकतो, शिवाय प्रत्येक काउंटरचा बुडबुडा वेगळ्या आकाराचा. गॅसची नळी टी-जोडापासून सोडवली, पाण्याने भरून पालथ्या घातलेल्या मोजपात्राखाली धरली आणि स्टॉपवॉच लावले: मिनिटाला ३० मिली. २५ अंशांना सीओटूचा लिटर साधारण १.८ ग्रॅम भरतो, म्हणजे तासाला ३.२ ग्रॅम, दिवसाच्या नऊ तासांत २९. दीडशे लिटर पाण्यात ३० मिग्रॅ/लि म्हणजे एकूण साडेचार ग्रॅम. दिवसभर २९ ओतून पीएचवरून काढलेला आकडा ३० च्या निम्म्याच्या आसपास अडकतो, म्हणजे बराचसा गॅस न विरघळताच बाहेर पडतोय.

गळती तपासली. सिलिंडरचा जोड, रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर गॅस उघडबंद करणारा व्हॉल्व्ह), बबल काउंटर, चेक व्हॉल्व्ह, टी-जोड, सगळीकडे साबणाचे पाणी. कुठेही फेस धरला नाही. प्रेशर गेजवर मात्र विसंबू नये: सिलिंडरमध्ये थेंबभरही द्रव सीओटू शिल्लक असेपर्यंत काटा २० अंशांना ५७ बारच्या आसपासच राहतो. गेजवरून खप कळत नाही, वजनावरून कळतो.

८ जानेवारी

आजची चाचणी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती. पोकळीत नेमका कुठला वायू आहे?

संध्याकाळी ६ वाजता गॅस बंद केला, पंप चालू ठेवला. हाउसिंगवर बाहेरून चिकटपट्टी लावून पाण्याची पातळी पेनने मारत गेलो. हाउसिंगचा आतला व्यास ९ सेंमी, मधली नळी वजा जाता क्षेत्रफळ सुमारे ५९ चौ. सेंमी, म्हणजे पोकळीचा प्रत्येक सेंटिमीटर साधारण ६० मिली.

६:०० – ७.० सेंमी
६:२० – ५.१
७:०० – ३.६
९:०० – ३.०
सकाळी ७:०० – २.८

निव्वळ सीओटू असता तर तासाभरात पोकळी मिटली असती. पहिल्या तासात जे विरघळले तो सीओटू. रात्रभर जे ठाण मांडून बसले ते १७० मिली म्हणजे हवा.

९ जानेवारी

प्रयोग काही नाही, फक्त कारणमीमांसा, कारण पुढची दिशा यावर ठरते.

२५ अंशांना आणि एका वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाणी सुमारे ८०० मिली सीओटू पोटात घेते. ऑक्सिजन फक्त ३० मिली, नायट्रोजन १५. हवा विरघळत नाही असे नाही, पण टाकीतले पाणी हवेने आधीच तृप्त असते, तिला पोकळीतून आत शिरायला जागाच नाही.

उलट दिशेनेही वाहतूक चालू असते. शुद्ध सीओटूच्या पोकळीत नायट्रोजन-ऑक्सिजनचा दाब शून्य, पाण्यात तो हवेइतका. म्हणून पाण्यातून हे दोन्ही वायू पोकळीत सुटत राहतात. एकही भोक नसलेल्या रिॲक्टरमध्येसुद्धा थोडी हवा जमणारच. हाउसिंग पाण्याच्या पातळीखाली ७० सेंमीवर आहे, आतला दाब वातावरणापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास जास्त. तेवढ्याच जोरावर हवेला रात्री परत पाण्यात जायचे असते, म्हणून तिला इतका वेळ लागतो. दुपारी झाडे बुडबुडे सोडू लागली की पाणी ऑक्सिजनने अतितृप्त होते आणि हा जोरही उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. सीओटू पोकळीतून पाण्यात किती वेगाने जाईल हे पोकळीतल्या सीओटूच्या हिश्श्यावर ठरते. निम्मी पोकळी हवेची झाली की ढकलणारा जोर निम्मा. मग तेवढाच सीओटू विरघळवायला पोकळीला जास्त पृष्ठभाग लागतो, म्हणून ती वाढते. वाढली की वरून पडणारी पाण्याची धार बुडबुडे खोलवर नेते, ते मधल्या नळीच्या तोंडात खेचले जातात आणि ढेकर येते. नीडल व्हॉल्व्ह वाढवल्याने हे चक्र फक्त लवकर पूर्ण होते.

म्हणजे शोधायचा आहे तो सीओटू नव्हे. ही हवा कुठून येते?

पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला, जोड सैल असेल तर पाणी बाहेर गळेल; हवा आत येणार नाही. हवा ओढली जाऊ शकते ती पंपाआधी आणि तीही जिथे नळी पाण्याच्या पातळीच्या वर चढते तिथे, कारण तिथला दाब वातावरणापेक्षा कमी असतो. आपल्याकडे अशा दोनच जागा: टाकीच्या काठावरून वळणाऱ्या इनटेक पाइपचा जोड, आणि इनटेकलाच बसवलेला तरंगता सरफेस स्किमर (पृष्ठभागावरचा तवंग ओढणारा).

११ जानेवारी

दोन दिवस सीओटू पूर्ण बंद. झाडांना त्रास नको म्हणून दिवे ५ तासांवर आणले, दोन्ही दिवस सारखेच. रोज सकाळी ९ वाजता हाउसिंगच्या माथ्यावरचे लाल बटण दाबून पोकळी शून्यावर आणली.

काल, स्किमर चालू: संध्याकाळी ७ वाजता १.६ सेंमी.
आज, स्किमर बंद: ०.३ सेंमी.

स्किमरचे बिंग फुटले. बाष्पीभवनाने पातळी काठापासून दोन-अडीच सेंमी खाली गेली आहे. स्किमरची तरंगती वाटी तिच्या खालच्या अडणीवर टेकते आणि पाण्याबरोबर हवेचे घोट घेते. आवाज नाही, भोवरा नाही. कडेला कान लावला तरच बारीक सुर्र ऐकू येते. उरलेले ०.३ मात्र स्किमरचे नाही.

१२ जानेवारी

काठावरचा जोड. ओढीच्या बाजूला साबणाचा फेस उपयोगाचा नाही, तो आत खेचला जातो. त्याऐवजी पारदर्शक इनटेक पाइपच्या मागे टॉर्च धरला. दर तीन-चार सेकंदांनी मोहरीहून लहान एक मणी खाली जाताना दिसतो. मग ड्रॉपरने जोडाभोवती पाणी सोडत राहिलो. पाण्याचा वेढा असेपर्यंत मणी बंद, ड्रॉपर काढला की पुन्हा सुरू. जागा पक्की झाली.

नळीचे टोक कडक होऊन भोंग्यासारखे पसरले होते. २ सेंमी कापून टाकले, गरम पाण्यात बुडवून मऊ केले, खोल ढकलले, वर क्लिप. क्विक-रिलीज नळांच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस. पेट्रोलियम जेली वापरू नये, तिने काही जातींचे रबर फुगते.

सिलिंडर: ५ तारखेपासून दोन दिवस बंद धरून चालू दिवसांचे घटलेले वजन हिशेबाशी जुळते. सिलिंडरपासून टी-जोडापर्यंत गळती नाही यावर शिक्कामोर्तब.

१४ जानेवारी

स्किमर कॅनिस्टरपासून तोडला. स्वतःचा छोटा पंप असलेला वेगळा स्किमर टायमरवर, सकाळी ७ ते ८. गॅस सुरू होण्याआधी त्याचे काम संपते, त्यामुळे पृष्ठभाग घुसळून सीओटू उडवण्याचा त्याचा दुसरा उपद्रवही टळतो.

वाहता प्रवाह मोजला: परतीची नळी बादलीत, १० लिटरला ७८ सेकंद, म्हणजे ताशी ४६० लिटर. खोक्यावरच्या हजाराच्या निम्माही नाही. बारीक पांढरा स्पंज चिखलाने पापडासारखा झाला होता, काढून टाकला. खडबडीत स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळले. इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) दांड्यावरचा चिकट थर जुन्या टूथब्रशने काढला. आता १० लिटरला ५३ सेकंद, ताशी ६८० लिटर.

१५ जानेवारी

गॅस परत सुरू करायच्या आधी नीडल व्हॉल्व्ह ३० वरून १५ मिली प्रति मिनिटावर आणला. हे विसरले तर मासे जातात. आजवर निम्मा गॅस वाया जात होता म्हणून ते ३० सोसले. दुरुस्तीनंतर तेवढाच सोडला तर तो सगळाच पाण्यात उतरेल. आधी कमी करून मग वाढवत जायचे, दर वाढीनंतर एक पूर्ण दिवस, आणि दुपारी तीन ते सहा माशांच्या कल्ल्यांकडे लक्ष. ड्रॉप चेकरच्या (सीओटूप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रवाची कुपी) रंगावर या कामात भिस्त ठेवू नये. तो तास-दोन तास मागे चालतो. हिरव्याचा पिवळा होईपर्यंत मासे वर येऊन हापापत असतात.

१६ जानेवारी

१८ मिली प्रति मिनिट. दुपारी बाराला ६.७४, तीनला ६.६४, पाचला ६.६१, तिथेच स्थिर. पोकळी संध्याकाळी २.२ सेंमी, सकाळी ०.३. ढेकर नाही.

नवी तक्रार: टाकीत धुके. स्प्रे बारमधून पिठासारखे बारीक बुडबुडे. कारण सरळ आहे. ताशी ४६० ला हाउसिंगमध्ये पाणी सेकंदाला २.२ सेंमी वेगाने उतरत होते, ६८० ला ३.२ ने उतरते. ०.३ मिमीचा बुडबुडा साधारण ३ सेंमी वेगाने वर चढतो. म्हणजे पूर्वी जो निसटून वर जायचा तो आता खाली वाहून जातो.

मधल्या नळीच्या तोंडाला स्पंज लावायचा उपाय बरेच जण सुचवतात. तो आधीच्या एका रिॲक्टरवर करून झाला आहे: स्पंजाखाली गॅस अडतो, चार-पाच दिवसांत गाळ बसून प्रवाह पडतो. बायो-बॉल (प्लास्टिकचे जाळीदार गोळे) भरण्याचेही तेच, वर स्वच्छ करणे किचकट. त्यापेक्षा बायपास, म्हणजे थोडे पाणी हाउसिंग टाळून नेणे: हाउसिंगच्या आधी टी, पुढे टी, मध्ये बॉल व्हॉल्व्ह. बायपासची नळी वेगळी बादलीत सोडून ताशी १७० लिटरवर बसवली. हाउसिंगमध्ये ५१० उरले, वेग २.४ सेंमी. धुके जवळजवळ गेले, पोकळी २.२ ची २.६ झाली. सौदा मान्य.

१८ जानेवारी

पोकळी आपोआप रिकामी व्हावी म्हणून हाउसिंगच्या माथ्यावरून ४/६ मिमीची नळी काढून इनटेक पाइपमध्ये सोडली. कल्पना अशी की न विरघळलेला गॅस इंपेलरमध्ये चिरडून पुन्हा रिॲक्टरमध्ये येईल.

पहिले तीन तास झकास, पोकळी शून्य. मग कॅनिस्टर घरघरू लागला. प्रवाह १० लिटरला ९५ सेकंदांवर गेला. सीओटू फिरून फिरून विरघळतो हे खरे, पण त्याच्यासोबत फिरणाऱ्या हवेला बाहेर पडायला वाटच नाही. ती इंपेलरच्या डोक्यावर बसली. प्रवाह पडला की गॅस कमी विरघळतो, मग आणखी गॅस परत येतो. संध्याकाळी नळी काढून टाकली.

२० जानेवारी

तीच नळी आता टाकीवर नेली. मध्ये छोटा बॉल व्हॉल्व्ह, तोंड पाण्याच्या १ सेंमी वर, म्हणजे गॅस निघतोय की पाणी ते डोळ्यांना दिसते.

वापरायची वेळ: सकाळी पावणेनऊ, गॅस सुरू होण्याआधी. व्हॉल्व्ह उघडा, फुस्स आवाज थांबून पाण्याची सलग धार आली की बंद. दहा सेकंद लागतात.

संध्याकाळी नाही. संध्याकाळच्या पोकळीत बराचसा सीओटू असतो. तो सोडून दिला तर रिॲक्टरला पुन्हा तितकीच पोकळी तयार करावी लागते आणि पीएच तेवढा वेळ हलतो. रात्रभरात सीओटू स्वतःहून विरघळतो, सकाळी उरते ती हवा. ती मात्र जायलाच हवी.

व्हॉल्व्ह दिवसभर किंचित उघडा ठेवूनही पाहिला. पाच वाजता ६.६१ च्या जागी ६.८०. बंदच ठेवायचा.

हाउसिंग उघडताना ओ-रिंग खाचेतून बाहेर येऊन चिमटली गेली, बंद केल्यावर थेंब-थेंब गळती. पुसून, ग्रीस लावून, खाचेत बोटाने सगळीकडे दाबून मग हाताने आवळले. पान्याने आवळू नये, बाउलला तडा जातो.

२४ जानेवारी

काल ५० टक्के पाणी बदलले. आज सकाळची पोकळी १.१ सेंमी, पानांवर आणि काचेवरही बुडबुड्यांची लव. गळती नव्हे. नळाचे पाणी दाबाखाली आणि थंड असते, त्यात वायू जास्त मावतो. टाकीत येऊन ऊब लागली की सुटतो आणि रिॲक्टरची पोकळी ही त्याची आयती जागा. पाणी बदलल्यानंतर दोन दिवस सकाळी आणि दुपारी साडेअकराला, असे दोनदा सोडायचे.

२ फेब्रुवारी

सात दिवसांत सिलिंडर १२५ ग्रॅमने हलका. १८ मिली प्रति मिनिटाच्या हिशेबाने १२२ हवेत, जुळते. आधीच्या दराने हेच २०० च्या वर गेले असते. पीएच सलग आठवडाभर पाचच्या सुमारास ६.६० ते ६.६२. प्रवाह ताशी ६७०. तो ५५० च्या खाली गेला की कॅनिस्टर उघडायचा, महिना पाहायचा नाही.

एक धोका उघडा आहे. सोलेनॉइड आणि पंप एकाच वीजजोडणीवर आहेत, त्यामुळे वीज गेली तर दोन्ही थांबतात. पण इंपेलर अडकून पंप एकटाच थांबला तर गॅस चालू राहतो. मासे बादलीत काढून दहा मिनिटे तसे करून पाहिले: पोकळी ३ सेंमीने वाढली, हिशेबाप्रमाणेच. याच गतीने ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटांत हाउसिंगचा दीड लिटर पूर्ण गॅसने भरेल. त्यानंतर इंपेलर सुटून पंप चालू झाला तर पावणेतीन ग्रॅम सीओटू थोड्या वेळात टाकीत, म्हणजे आधीच्या ३० वर आणखी १८ मिग्रॅ/लि.

फ्लो स्विच बसवायचा: रिॲक्टरच्या पुढे, उभ्या नळीत, बाणाची दिशा वर, सोलेनॉइडच्या वायरमध्ये सिरीजला. मिनिटाला ५ लिटरच्या खाली संपर्क तोडणारा पुरे. आपला प्रवाह ११ आहे. स्विचची विद्युत क्षमता सोलेनॉइडच्या कॉइलपेक्षा जास्त असल्याची खात्री करून, आणि चाचणी पुन्हा मासे बाहेर काढूनच.